पडी, शेर आणि किलोग्रॅम

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर भातशेतीच्या समृद्ध प्रदेशात आहे. तेथील जुन्या घरांत तांदूळ तोलीत नसत, मापीत असत. मुख्य माप म्हणजे पडी. पडीचा अर्धा भाग उरी, उरीचा अर्धा उळक्कु आणि उळक्कुचा अर्धा आळाक्कु. उलटपक्षी, आठ पड्यांचा एक मरक्काल होई. या प्रांतावर सतराव्या शतकापासून १७९९ पर्यंत तंजावरच्या मराठ्यांचे राज्य होते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही मापे परकी वाटली नसावीत. कारण महाराष्ट्रातील शेर, मापटे, चिपटे, कोळवे ही मालिकादेखील अशीच अर्ध्याअर्ध्याने उतरते. वस्तूचे दोन सारखे भाग नजरेने करता येतात, दहा करता येत नाहीत. ही मापे अशी अर्ध्याने उतरतात, ती यामुळेच सोयीची.

मग त्यांत दोष कोणता? पहिला असा की, पडी गावोगाव सारखी नसे. दुसरा दोष शिगेचा. माप सपाट भरावे की शिगोशीग, यावर धान्य कमीअधिक होते. शिवाय भांड्याचे तोंड जितके रुंद, तितकी शीग मोठी. दोन भांड्यांत पाणी सारखेच मावत असले तरी शीग लावून भरलेले धान्य सारखे नसते. विकत घेताना एका मापाने आणि विकताना दुसऱ्या मापाने व्यवहार झाला, तर रोज थोडे धान्य घेणाऱ्या गरिबाचे नुकसान होई व ते त्याच्या ध्यानातही येत नसे.

हा घोळ मिटविण्यासाठी भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारात ती सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा असल्यामुळे त्याचा हिशेब सोपा होता. पडीचे तसे नव्हते. पडी जागा मोजते, किलोग्रॅम वस्तुमान मोजतो. एक पडी तांदूळ व एक पडी पोहे यांचे वजन भिन्न. म्हणून पडीचे किलोग्रॅम करण्यास एकच आकडा पुरत नाही.

दुकानातून पडी गेली, तरी स्वयंपाकघरात माप टिकून राहिले. हा निव्वळ हट्ट नव्हे. इडलीसाठी तीन मापे तांदूळ व एक माप उडीदडाळ घेतली की पुरे. माप लहान असो वा मोठे, प्रमाण बदलत नाही. घरात एकच हात व एकच भांडे असते. दुकानात मात्र परस्परांना अनोळखी अशी दोन माणसे समोरासमोर येतात. तेथे दोघांना मान्य असे तिसरे प्रमाण लागतेच.

पाणी सारखेच मावेल अशी एक उभट व एक पसरट भांडी घ्यावी, दोन्ही तांदळाने शिगोशीग भरावी आणि तांदूळ तोलून पाहावा. कायद्याची गरज का भासली, हे तराजूच सांगेल.