चिंचोक्याची चाल

पत्त्यांच्या डावात मोठी चाल करणाऱ्याला सारेच भितात. पण खरा छळतो तो एकेक दाणा मोजून टाकणारा! तुडीलची आमची आत्या या पंथातली. महाड तालुक्यातल्या त्या घरी दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव बसे. पैशांनी खेळायला आजोबांची सक्त मनाई, म्हणून चिंचोके. कुणी तावातावाने चाल दुप्पट करी. आत्या मात्र, पाने कसलीही येवोत, लहानात लहान चाल करणार.

त्या इवल्या चालीचे परिणाम दोन. हलक्या पानांचा माणूस ‘दोनच तर चिंचोके!’ म्हणत रेंगाळे आणि दहा खेपांत वीस घालवून बसे. माझ्यासारखा तापट पोरगा तिला पळवून लावायला मूठ रिकामी करी. एकदा नुसत्या राजाच्या जोरावर मी चाल वाढवीत गेलो. आत्या निमूटपणे तेवढेच टाकत राहिली. अखेर पाने उघडली, तो तिच्या हाती पंजा, छक्का, सत्ता!

हिशेब पुढे कळला. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० हात निघतात. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतले तीन हात पोकळच. हात पोकळ असेल, तर पहिल्याच खेपेला टाकावा. भक्कम असेल, तर चाल आपण वाढवावी. समोरच्याला स्वस्तात बसू देऊ नये. बेताचा असेल, तर मधला ढीग पाहावा. ढिगात वीस चिंचोके आणि ‘शो’ला दोन लागत असतील, तर अकरांत एकदा जिंकूनही मुद्दल सुटते. तिथे जोडी टाकून देणे हा वेडेपणा! पोकरलाही हाच न्याय. मात्र पुढच्या चालींचा खर्च आधी धरावा. आणि मुख्य म्हणजे रागावू नये. जो थोडेच टाकतो, तो भीती घालून उठत नाही.

आत्याला मी एकदा विचारलेच, “आत्या, तू एवढी चिकटपणे का गं खेळतेस?”

तिचे यजमान मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची मनीऑर्डर थांबली, ती थांबलीच. चिंचोके ओच्यात भरीत ती हसली.

“अरे, मूठभर फेकणाऱ्याचा डाव लवकर आटपतो. मला उजाडेपर्यंत बसायचं असतं.”