कबड्डीतील बचावाची घसरण

केजसारख्या गावातील मातीचे अंगण असो वा व्यावसायिक संघाची मॅट, कबड्डीतील बचाव ढासळला की खापर बहुधा एखाद्या खेळाडूच्या माथी फुटते. वस्तुतः कारण पुष्कळदा खेळाच्या नियमांतच असते. फसलेली पकड दुहेरी हानी करते. चढाईपटूचा स्पर्श झालेला प्रत्येक बचावपटू बाद होतो आणि तितकेच गुण प्रतिपक्षास मिळतात. साखळी करून तिघे धावले आणि चढाईपटूचा हात मध्यरेषेस टेकला, तर तिघेही जातात. उरलेल्या चौघांना तेवढेच अंगण राखावे लागते. कोपरारक्षक व मध्यरक्षक यांमधील अंतर वाढते, पुढची पकड अधिकच उतावीळ होते. अखेर लोण, म्हणजे आणखी दोन गुण. तीन वा त्याहून कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीस प्रो कबड्डीत एक जादा गुण मिळतो, तो याच असमतोलावरील उतारा. तो अपुराच म्हटला पाहिजे.

पुणेरी पलटण हा संघ २०१४ व २०१५ या दोन्ही हंगामांत तळाशी राहिला. १ मार्च २०२४ रोजी त्याने हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून विजेतेपद मिळविले. त्या हंगामात इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई याने पकडींचे ९९ गुण मिळविले. मात्र कोपऱ्यातून अशी झेप घेता येते ती शेजारचे मध्यरक्षक आपली जागा सोडीत नाहीत म्हणूनच.