दार उघडणारे माणूस

दवाखान्यात गेल्यावर आपली पहिली गाठ कोणाशी पडते? डॉक्टरांशी, असे आपण म्हणाल. पण वाचकहो, जरा आठवून पाहा. पहिली गाठ पडते ती कंपाउंडरशी. तो चारचौघांत ‘काय होतंय?’ म्हणून विचारतो आणि आपणही ‘दोन दिवस पोट बिघडलंय’ असे खुशाल सांगून टाकतो. पोटाचे ठीक आहे. पण दुखणे मनाचे असेल तर?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी ही मुलगी पुढे मानसशास्त्राकडे वळली, रीतसर शिकून मानसोपचार करू लागली आणि मुंबई-ठाण्याचा मोह सोडून तिने जव्हारला एका खोलीवर पाटी लावली. आठवड्यातून एक दिवस मोखाड्यास जायचे, असा नेम ठेवला.

जव्हार ही १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी; २०१४ पासून पालघर जिल्ह्यातला तालुका. भोवताली वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचे पाडे. दिवाळी सरली की यांतली कितीतरी बिऱ्हाडे वीटभट्ट्यांची वाट धरतात. मन बिघडले तर एक वाट भगताकडे जाते. दुसरी, कोणाला काही न सांगता सोसत राहण्याची.

सुरुवातीला सारे ती एकटीच करी. आत एखाद्याला रडू फुटावे आणि नेमका तेव्हाच फोन वाजावा. तासभर कोणाचे दुःख ऐकून मग फी मागताना जीभ अडखळावी. शेवटी तिने गावातलीच एक बारावी झालेली चुणचुणीत मुलगी कामाला ठेवली. टापटीप, हिशेबाला चोख.

आठवडाही झाला नसेल. पदराने तोंड झाकून एक बाई पायरी चढली. मुलीने हसतमुखाने विचारले, “अगं, तू अमक्यांची सून ना? तुला काय झालं?”

“काही नाही, घर चुकले,” असे म्हणून बाई उतरली ती गेलीच.

“सर, चूक तिची नव्हती,” माझी विद्यार्थिनी म्हणाली. “मी तिला हिशेब शिकवला, गप्प राहणं शिकवलंच नाही.” त्या मुलीला मात्र गप्प राहणे काही जमेना, महिन्याभराने ती दुसऱ्या नोकरीला लागली.

मानसोपचाराचे आद्य गुरू फ्रॉइड यांच्या व्हिएन्नाच्या घरी १९२९ पासून पाउला फिख्टल नावाची बाई कामाला होती. येणाऱ्या रुग्णांना दार ती उघडी. १९३८ साली नाझींच्या भयाने ते कुटुंब लंडनला गेले, तेव्हा तीही बरोबर गेली. फ्रॉइडवर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. पण त्या कोचावर पडण्याआधी रुग्णाने पाहिलेला चेहरा पाउलाचा होता!

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्यांवर त्याचे बंधन घातले. पण ते दारातल्या माणसाला समजावून सांगणार कोण? ज्याने त्याला कामावर ठेवले, त्यानेच.

आणि हे काम थोड्या शिकलेल्या माणसाला जमत नाही, असेही नाही. मोखाड्याला लागूनच असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या ४१ खेड्यांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना शेजाऱ्याचे दुःख ओळखायला, ऐकायला आणि गरज पडल्यास पुढे पाठवायला शिकवले होते.

माझ्या विद्यार्थिनीने दुसऱ्या वेळी पाड्यावरची एक मध्यम वयाची बाई निवडली. शिक्षण सातवी, घरची बोली वारली. या खेपेस तिने अटी कागदावर लिहून वाचून दाखवल्या. काम अर्धा दिवस. रुग्ण येवोत न येवोत, पगार एक तारखेला. भातलावणीला रजा. नाव मोठ्याने विचारायचे नाही. वहीत नावाऐवजी आकडा. बाजारात कोणी दिसले तर त्याने ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. सल्ला द्यायचा नाही. टिपणांच्या कपाटाची किल्ली मागायची नाही.

बाईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ताई, माझ्याच पाड्याचं कोणी आलं तर?”

हा प्रश्न बारावी झालेल्या मुलीला सुचला नव्हता. तिच्या मालकिणीलाही नाही! मग एक कलम वाढले: येणाऱ्याला आधी विचारायचे, आणि त्याला नको असेल तर त्या दिवशी दार ताईंनी स्वतः उघडायचे.

पगाराचे ओझे होतेच. पहिले काही महिने मावशींचा पगार देऊन हिच्या हाती फारसे उरत नसे. घरचे म्हणत, “एवढ्याशा कामाला माणूस कशाला?”

गेल्या पावसाळ्यात मी जव्हारला गेलो होतो. भिजून पायरी चढलो. मावशींनी दार उघडले, पुसायला पंचा दिला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीकडे बोट दाखवले. नाव नाही, गाव नाही. मला आपण होऊनच सांगावे लागले की, मी रुग्ण नव्हे!

निघताना मी विद्यार्थिनीला विचारले, “ती परत गेलेली बाई पुन्हा आली का गं?”

“नाही, सर. आणि शोधायला जावं, तर तिच्या घरी कळेल.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. बाहेर पायरीवर पावले वाजली. मावशी उठल्या.