गाळलेली कडवी

चार जुलैच्या पिकनिकला आपल्या मंडळातल्या कुणीतरी स्पीकरवर ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' लावलं आणि सगळी पोरं बाकांवर चढून नाचली. आपली पोरं खरोखरच इथे जन्मलेली, तेव्हा गाणं त्यांचंच! मीही मिसळीचा कट ढवळता ढवळता ठेका धरला होता. घरी आल्यावर, शिक्षिकेची जुनी खोड म्हणून, गाण्याचे शब्द शोधून वाचले आणि जरा ओशाळलेच.

गाण्यातला माणूस एका मरगळलेल्या गावात जन्मलेला. कसल्याशा भानगडीत सापडतो, मग व्हिएतनामच्या लढाईवर जातो. परत येतो तर रिफायनरीत नोकरी नाही, माजी सैनिकांच्या कचेरीत दाद नाही. भाऊ तिकडे खे सानला लढला, तो आता नाही. हे सगळं कडव्यांत. ध्रुवपदात तो फक्त आपण या देशात जन्मलो एवढंच ओरडून सांगत राहतो. मी इथलाच ना, मग माझी ही गत का, असा तो आक्रोश आहे. आपण ध्रुवपदावर नाचलो आणि कडवी ऐकलीच नाहीत.

यात आपण एकटे नाही. 1984 साली हे गाणं आलं, ते वर्ष निवडणुकीचं. 19 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचारासाठी आपल्या न्यू जर्सीतल्या हॅमंटनला आले. हो, तेच हॅमंटन, जिथे आपण दर उन्हाळ्यात ब्लूबेरी तोडायला जातो. तिथल्या भाषणात त्यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचं कौतुक केलं. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने त्या कौतुकावर एक चिमटा काढला आणि 'जॉनी 99' गायलं. माह्वाचा मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर गुन्हेगार झालेल्या कामगाराचं ते गाणं.

थोडा दोष गाण्याचाही आहे म्हणा. इतके दणदणीत ड्रम लावल्यावर लोक नाचणारच. याच गाण्याचं 1982 सालचं ध्वनिमुद्रण आहे, नुसत्या गिटारवर, एकट्याच्या आवाजात. ते जरूर ऐका. त्यावर कुणाची नाचायची छाती होणार नाही.

यानंतर पंधरा दिवसांत मुलगी समर कॅम्पमधून 'धिस लँड इज युवर लँड' गुणगुणत आली. हा देश तुझा, हा देश माझा, अशा अर्थाचं सोपं, गोड गाणं. इथल्या शाळाशाळांतून शिकवतात. ओक्लाहोमाच्या वुडी गथ्रीने ते फेब्रुवारी 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात लिहिलं, आणि लिहिलं ते वैतागून. रेडिओवर सतत 'गॉड ब्लेस अमेरिका' वाजत होतं आणि यानं पाहिलेली अमेरिका वेगळी होती. दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत शेती गेलेली कुटुंबं मोडक्या गाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. 1936 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर चौक्या बसवून खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवलं होतं. आपल्याच देशात, आपल्याच माणसांना! गथ्री त्याच रस्त्याने गेलेला माणूस.

मूळ गाण्यात दोन कडवी अशी होती जी आपल्या मुलांना शिकवली जात नाहीत. एकात वाट अडवणारी पाटी येते. खाजगी मालमत्ता, असं तिच्यावर लिहिलेलं, पण पाटीची मागची बाजू कोरी. दुसऱ्यात चर्चच्या सावलीत, सरकारी मदतीच्या कचेरीसमोर उपाशी माणसं रांगेत उभी आहेत, आणि गाणारा स्वतःलाच विचारतो की हा देश खरंच तुमचा-माझा आहे का. 1951 मध्ये रेकॉर्ड निघाली त्यात ही कडवी नव्हती, पाठ्यपुस्तकांतही आली नाहीत. पाटीच्या कडव्यासकट गथ्रीने केलेलं ध्वनिमुद्रण 1990च्या दशकात स्मिथसोनियनच्या संग्रहात सापडलं. 18 जानेवारी 2009 रोजी, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, लिंकन स्मारकासमोर नव्वदीला टेकलेल्या पीट सीगर यांनी स्प्रिंगस्टीनला सोबत घेऊन ती कडवी गायली. इथल्या मूळ रहिवाशांचा आक्षेप तर पहिल्या ओळीपासूनच आहे. देश तुझा-माझा म्हणणारे तुम्ही कोण, असा त्यांचा प्रश्न, आणि त्याला या गाण्यात कुठल्याच कडव्यात उत्तर नाही.

कडवी कुणी, का गाळली यावर लिहायला मी फार उत्साहाने बसले होते. मग आठवलं, सहा वर्षं शाळेत पंधरा ऑगस्टची समूहगीतं मीच बसवत होते. "वेळ कमी आहे, तिसरं कडवं सोडा," हे वाक्य माझंच. आणि सोडायचं कडवं नेहमी तेच असायचं, ज्यात भूक किंवा रक्त यायचं. प्रमुख पाहुणे बसलेले असतात ना!

एम.ए.ला असताना राजा ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाबद्दल शिकलो होतो. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, 1972 च्या ऑगस्टमध्ये, 'साधना'त तो आला आणि राष्ट्रध्वजाबद्दलच्या मजकुरावरून गदारोळ उडाला. ढाले ज्या दलित पँथरचे, तिने नाव घेतलं होतं इथल्या ब्लॅक पँथर्सवरून. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मात्र ते कधी येऊ दिलं नाही.

गॉर्डन पार्क्स यांचं एक छायाचित्र आहे, 1942 चं, 'अमेरिकन गॉथिक'. हे कृष्णवर्णीय छायाचित्रकार सरकारी नोकरीसाठी वॉशिंग्टनला आले आणि राजधानीतल्या दुकानाने, उपाहारगृहाने, सिनेमागृहाने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. त्यांनी आपल्याच कार्यालयात साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन यांना भिंतीवरच्या भल्यामोठ्या राष्ट्रध्वजासमोर उभं केलं. एका हातात झाडू, बाजूला मॉप. चेहऱ्यावर राग नाही, केविलवाणेपणाही नाही. त्या नुसत्या उभ्या आहेत. ग्रँट वुड यांच्या 1930 च्या प्रसिद्ध चित्रातल्या शेतकऱ्याच्या हातात तीन दातांचं दाताळं आहे, त्या जागी इथे झाडू. मला हे चित्र या सगळ्या गाण्यांपेक्षा जड वाटतं. त्यानंतर पार्क्स कित्येक दिवस वॉटसनबाईंच्या घरी, चर्चमध्ये जात राहिले, नातवंडांसह त्यांचे फोटो काढत राहिले. ते फोटो फारसे कुणी पाहत नाही, पण बघा.

दर रविवारी सकाळी आम्ही साताऱ्याला व्हिडिओ कॉल करतो. सासूबाई अंगण बघतात, मेपलची लाल पानं बघतात, नवी गाडी बघतात. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही, अर्जाची रांग कधी संपेल ठाऊक नाही, मागच्या हिवाळ्यात यांची नोकरी गेली तेव्हा साठ दिवसांत दुसरी मिळाली नसती तर घर आवरावं लागलं असतं, यातलं काही कॅमेऱ्यात येत नाही. आईने एकदा विचारलं होतं, "तू दिवसभर करतेस काय गं?" मी म्हटलं, "मजेत आहे." हा अंक साताऱ्यालाही जातो. तेव्हा आई, हे तुझ्यासाठी.

यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांचं समूहगीत बसवायचं काम माझ्याकडे आलंय. गथ्रीचंच घेतलंय, ती दोन कडवी धरून. मुलीने पहिल्याच तालमीत विचारलं, "पाटीच्या मागे काहीच नाही, मग ती घाबरवते कशी?" सगळं गायला साडेचार मिनिटं लागतात आणि कार्यकारिणीने चारच दिलीत. उरलेलं अर्धं मिनिट ढोल-ताशा पथकाकडून मागून घेतेय.