जॉब कोणाचा, हात कोणाचा

आमच्या तळेगाव-चाकण पट्ट्यात ‘जॉब’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे नोकरी. दुसरा म्हणजे सीएनसी यंत्रावर चढवायचा आणि काम झालं की उतरवायचा धातूचा तुकडा. माणसाशेजारी जाळीविना उभा राहणारा यंत्रहात, म्हणजे कोबॉट, इकडे आला तेव्हा तो यातला कुठला जॉब न्यायला आलाय, हे उमगायला दहा-पंधरा वर्षं गेली.

कोबॉटच्या जन्मकथेत जे नाव येतं, ते ऐकून तळेगावकर हसेल की उसासा टाकेल, सांगता येत नाही. ते नाव जनरल मोटर्सचं. १९९०च्या दशकाच्या मध्याला या कंपनीला लाइनवरच्या माणसांच्या पाठी आणि खांदे वाचवायचे होते. अवजड भाग हलवायचे, पण मोठा रोबो माणसाजवळ आणायचा म्हणजे जिवाशी खेळ. त्या खटपटीतून आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एडवर्ड कोलगेट व मायकेल पेश्किन यांच्या कामातून १९९६च्या सुमारास कोबॉट उभा राहिला. गंमत अशी, की त्या पहिल्या कोबॉटला ढकलायचं बळच नव्हतं. जोर माणसाने लावायचा. गाडीचं सुटं केलेलं दार बाजूला नेताना ते बॉडीला घासू नये, एवढी वाट यंत्राने धरून ठेवायची. फुंकर कारागिराची, आकार साच्याचा. १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना निघालेल्या तळेगावाला हे गणित परकं वाटू नये.

पुढे कोबॉटला मोटर आली. २००८च्या सप्टेंबरात तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने आपला पहिला हात विकला. वजन अठरा किलोंच्या आसपास, उचलणार पाच किलो. आपल्या पट्ट्यात धाडस केलं ते बजाज ऑटोने. २०१०पासून त्यांनी हे हात आणायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. इंदुरीच्या पुलावरून इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघालं, की म्हाळुंग्याला त्यांचा कारखाना लागतो. डॉमिनार ही जड मोटारसायकल २०१६ साली याच कारखान्यात बायकांच्या लाइनवर जुळली. ताकदीचं आणि तेच ते काम यंत्राकडे गेलं, की त्या जागेवर पुरुषच हवा हा हट्ट सैल पडतो. कोबॉटने केलेला हा बदल मला उत्पादनाच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

आणि २०१३ चा संप? चाकणच्या त्याच कारखान्यातला, जून ते ऑगस्ट असा पन्नास दिवस चाललेला. भांडण पगाराचं आणि सवलतीत मिळणाऱ्या शेअरचं होतं. कोबॉट येऊन तीन वर्षं झाली होती, तरी कामगाराच्या रागाचं मुख्य कारण तो नव्हता.

रोबोभोवती जाळी लावणं ही मात्र खोड नव्हती, गरज होती. १९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात रोबोच्या धक्क्याने कामगार गेला. २०१५ साली आपल्याकडे मानेसरलाही तेच घडलं. जाळी काढायची तर मर्यादा ठरवायला हव्यात; त्यासाठी २०१६ साली एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आला, आयएसओ/टीएस १५०६६. शरीरावरच्या २९ ठिकाणी यंत्राचा किती दाब चालेल, हे त्यात दिलंय, आणि त्यासाठी माणसांवर दाब देऊन दुखणं कुठे सुरू होतं ते मोजलं गेलं. कोबॉट सांध्यातला अडथळा ओळखून थांबतो हे खरं. पण त्याच्या मुठीत धारदार पातं दिलं, की मवाळ हाताचा काय उपयोग? मग जाळी परत येते. शिवाय माणसाजवळ काम करायचं म्हणजे वेग कमी ठेवावा लागतो, हे विकायला येणारे जरा हळू आवाजात सांगतात.

लहान वर्कशॉपांची गोष्ट वेगळी. पुण्याच्या क्राफ्ट अँड टेक्निक इंडस्ट्रीजने सीएनसीवर जॉब चढवायला आणि तपासायला असा हात लावला. टाटांच्या टॅलने २०१६ साली ‘ब्रॅबो’ काढला. तो कोबॉट नव्हे, साधा यंत्रहात. पण देशी बनावटीचा आणि किंमत लहान उद्योगाच्या आवाक्यातली. रात्रपाळीला माणूस टिकत नाही, ही मालकांची नेहमीची रड. त्यावर यंत्रहात हा उतारा निघाला. त्या रात्रपाळीला काय पगार देत होतात, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

तळेगावात पहिल्या अर्थाचे जॉब, म्हणजे नोकऱ्या, गेल्या त्या निराळ्याच कारणाने. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीपुरतं काम काही काळ चाललं आणि डिसेंबर २०२०मध्ये लाइन थांबली. हजाराहून अधिक कामगार बाहेर. एकाही यंत्रहाताने त्यांची जागा घेतली नव्हती. डेट्रॉइटच्या ताळेबंदात तळेगाव बसलं नाही, एवढंच. चिनी ग्रेट वॉलशी ठरलेला सौदा २०२२मध्ये फिसकटला. मग ह्युंदाईने कारखाना घेतला आणि २०२५मध्ये तिथून आधी इंजिनं, नंतर गाड्या निघू लागल्या. जुन्या कामगारांची लढाई मधली वर्षं कधी न्यायालयात, तर कधी उपोषणाच्या मांडवात चालू होती.