सादरीकरणाची तालीम

स्लाइड तयार झाल्या की सादरीकरणाची तयारी संपली, असा अनेकांचा समज असतो. मग खुर्चीत बसून त्या दोन-तीनदा नजरेखालून घातल्या जातात. मनात वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. पण ओळखीचा वाटणे वेगळे आणि न बघता आठवणे वेगळे. म्हणून तालीम उभे राहून, मोठ्याने आणि कागद बाजूला ठेवूनच करावी.

मोठ्याने बोलू लागले की आधी अडते ती भाषा. ‘सदर प्रकल्पांतर्गत ठिबक सिंचनाच्या अवलंबामुळे पाणीवापरात लक्षणीय घट झाल्याचे निदर्शनास आले’ हे अहवालात खपून जाते. बोलताना धाप लागते. ‘ठिबक बसवलं आणि पाणी कमी लागलं’ हे सुटसुटीत वाक्य तालमीतच सापडते. जिथे जीभ दोनदा अडखळते, ते वाक्य घोकू नये, बदलावे.

घोकंपट्टी ऐन वेळी दगा देते. तरुण विन्स्टन चर्चिल भाषणे शब्दशः पाठ करत. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत बोलताना त्यांना पुढचे आठवेना आणि भाषण अर्धवट सोडून ते खाली बसले. पुढे ते टिपणे हाताशी ठेवू लागले. सुरुवातीची दोन-तीन वाक्ये, शेवट आणि आकडे एवढेच पाठ असावे. मधल्या मुद्द्यांचा क्रम पक्का असला की पुरे.

घड्याळ लावणे अटळच. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेल्या स्पर्धेत पीएचडीचे संशोधन एका स्लाइडवर, तीन मिनिटांत मांडायचे असते. वेळ ओलांडणारा बाद होतो. दहा मिनिटे मिळणार असतील, तर तालीम नऊ मिनिटांत बसवावी. वेळ पुरत नसेल तर भराभर बोलू नये, एखादा मुद्दा गाळावा.

एका रात्रीत पाच तालमी करण्यापेक्षा चार-पाच दिवस रोज एक केलेली बरी. त्यांतली एक तरी विषय न जाणणाऱ्या माणसासमोर व्हावी. ‘कसे झाले?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘काय समजले ते सांगा’ म्हणावे. कोणता मुद्दा पोहोचलाच नाही, ते लगेच कळते.

शेवटची तालीम शक्यतो त्याच सभागृहात, तिथल्याच संगणकावर करावी. दुसऱ्या संगणकावर स्लाइडमध्ये वापरलेला फॉन्ट नसेल तर देवनागरी मजकूर विस्कटू शकतो. पीडीएफ प्रत सोबत ठेवावी.