प्रोस्टेट नुसती वाढत नाही, आवळतेही

सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला की साठीपुढचे पुरुष आधी प्रोस्टेटचा आकार बघतात. आकडा लहान असला की हायसं वाटतं, मोठा असला की धसका बसतो. पण त्रासाचं गणित एवढं सरळ नाही. ग्रंथी बरीच वाढलेली असूनही एखाद्याची लघवीची धार चांगली असते, तर बेताच्या ग्रंथीचा माणूस रात्रीतून चार वेळा उठतो. ग्रंथी किती वाढली याइतकंच ती किती आवळली हेही महत्त्वाचं असतं.

तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. तिच्यात द्रव तयार करणाऱ्या पेशींभोवती अनैच्छिक स्नायू आणि तंतूंचं जाळं असतं. वीर्यस्खलनाच्या वेळी हे स्नायू आकुंचन पावतात. त्यासाठी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन स्रवतं आणि स्नायूंवरच्या अल्फा-१ रिसेप्टरना जाऊन चिकटतं.

वयाबरोबर ग्रंथीची घडण बदलते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हळूहळू घटतं, पण ग्रंथीत त्यापासून बनणारं डीएचटी हे अधिक प्रभावी संप्रेरक टिकून राहतं आणि पेशींची वाढ चालू ठेवतं. मूत्रमार्गालगतच्या भागात गाठी तयार होतात. हा कर्करोग नव्हे. पन्नाशीत सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये आणि ऐंशीनंतर बहुतेकांमध्ये ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्रास होणाऱ्यांच्या ग्रंथीत स्नायू आणि तंतूंचं प्रमाण विशेष वाढलेलं आढळतं. हे स्नायू ताणलेले राहिले की मूत्रमार्ग आणखी दबतो.

जेरुसलेमचे मूत्ररोगतज्ज्ञ मार्को केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मानवी प्रोस्टेटमधले हे अल्फा रिसेप्टर दाखवून दिले, आणि शस्त्रक्रियेखेरीज दुसरी वाट खुली झाली. टॅमसुलोसिनसारखी औषधं हे रिसेप्टर अडवतात. स्नायू सैलावतात आणि काही दिवसांतच धार सुधारू लागते, मात्र ग्रंथी लहान होत नाही. ती आक्रसवायची तर डीएचटी रोखणारं फिनास्टेराइड लागतं, आणि त्याचा गुण यायला काही महिने जातात. म्हणून कोणाला एक गोळी, कोणाला दोन्ही.

अल्फा रिसेप्टर रक्तवाहिन्यांत आणि डोळ्यांतही असतात. त्यामुळे टॅमसुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्याला झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल सांगायलाच हवं. याउलट, सर्दीच्या अनेक गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन हेच रिसेप्टर चेतवतं. नाक मोकळं होतं, पण प्रोस्टेट आवळते, आणि क्वचित लघवी पार तुंबून नळी घालण्याची वेळ येते. दुकानातून परस्पर अशी गोळी घेण्याआधी प्रोस्टेटच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून मूत्राशयाची भिंत आधी जाड होते, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर थकते. मग मार्ग मोकळा करूनही तिची ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून ‘वय झालं, चालायचंच’ असं म्हणत संकोचाने गप्प बसणं महागात पडतं. धार बारीक होणं, अडखळणं, लघवी झाल्यावरही उरल्यासारखं वाटणं, एवढं दिसलं तरी डॉक्टरांकडे जावं. लघवीतून रक्त गेलं किंवा लघवी अजिबात होईना, तर त्याच दिवशी.